कटिवेधोत्तर डोकेदुखीवरील तंत्रिकारोध उपचार

कटिवेधोत्तर डोकेदुखीवरील तंत्रिकारोध उपचार म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घातल्यानंतर उद्भवणाऱ्या डोकेदुखीसाठी, डोक्याशी संबंधित एखाद्या तंत्रिकेजवळ किंवा तंत्रिकागुच्छिकेजवळ स्थानिक बधिरक औषध पोहोचवून वेदना थोपवण्याची पद्धत होय. रुग्णालयीन व्यवहारात तिला 'नर्व्ह ब्लॉक' असे म्हणतात. या डोकेदुखीसाठी प्रामुख्याने दोन प्रकारचे तंत्रिकारोध अभ्यासले गेले आहेत : नाकावाटे दिला जाणारा स्फिनोपॅलेटाइन गुच्छिकारोध आणि मानेच्या वरच्या भागात, डोक्याच्या मागील बाजूस दिला जाणारा पश्चकपाल तंत्रिकारोध. दोन्ही पद्धती सोप्या व कमी खर्चाच्या असून पाठीत पुन्हा सुई घालण्याची गरज त्यांत नसते. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्यांच्याविषयी वैद्यकीय क्षेत्रात मोठी उत्सुकता निर्माण झाली. मात्र त्यांचा परिणाम औषधाचा किती आणि काळाचा किती, हा प्रश्न काटेकोर चाचण्या झाल्यानंतरच नीट विचारला गेला.

डोकेदुखीचे स्वरूप व कारण

मेंदू आणि मेरुरज्जू यांभोवती तीन आवरणे असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या आवरणास दृढतानिका म्हणतात. आतील दोन आवरणांमधील पोकळीत मस्तिष्कमेरुद्रव खेळत असतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात कोणत्याही क्षणी हा द्रव सुमारे १५० मिलिलीटर असतो आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलीटर नव्याने तयार होतो. तपासणीसाठी हा द्रव काढताना, म्हणजे कटिवेध करताना, किंवा शस्त्रक्रियेसाठी कमरेतून भूल देताना सुई दृढतानिकेतून आरपार जाते. सुई काढल्यानंतर तेथे राहिलेल्या छिद्रातून द्रव झिरपत राहिला, तर डोकेदुखी उद्भवते.

प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल भुलेत सुई दृढतानिकेच्या बाहेरच थांबणे अपेक्षित असते. ती चुकून आत गेली, तर छिद्र बरेच मोठे पडते, कारण एपिड्युरलची सुई साधारणतः १६ ते १८ गेजची, म्हणजे जाड असते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे येथे लक्षात ठेवावे लागते. अशा अपघाती छिद्रानंतर निम्म्याहून अधिक स्त्रियांना डोकेदुखी होते.

या डोकेदुखीची खूण म्हणजे तिचे शरीराच्या स्थितीशी असलेले नाते. रुग्ण उठून बसला किंवा उभा राहिला की काही मिनिटांत कपाळ आणि डोक्याची मागची बाजू ठणकू लागते. आडवे झाल्यावर वेदना कमी होते. सोबत मान आखडणे, मळमळ, कानात आवाज येणे, कमी ऐकू येणे किंवा प्रकाश सहन न होणे ही लक्षणेही असू शकतात. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीनुसार ही वेदना कटिवेधानंतर पाच दिवसांच्या आत सुरू होते आणि दोन आठवड्यांत आपोआप किंवा गळती बंद केल्यावर थांबते. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र दोन आठवडे हा अल्प काळ नव्हे. बाळाला पाजण्यासाठी उठून बसणेही तिला अशक्य होते.

वेदनेच्या कारणाविषयी दोन स्पष्टीकरणे दिली जातात व ती परस्परविरोधी नाहीत. पहिले असे की, द्रव कमी झाल्यामुळे उभ्या स्थितीत मेंदू किंचित खाली ओढला जातो आणि वेदनाक्षम आवरणे व रक्तवाहिन्या ताणल्या जातात. दुसरे स्पष्टीकरण मन्रो-केली सिद्धांतावर आधारलेले आहे. कवटीच्या आतील मेंदू, रक्त आणि द्रव यांचे एकूण आकारमान स्थिर राहत असल्याने द्रव घटला की त्याची जागा भरून काढण्यासाठी रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि हे प्रसरण वेदनादायक असते. तंत्रिकारोधाचा सगळा तर्क या दुसऱ्या स्पष्टीकरणावर आणि वेदनेच्या वहनमार्गावर उभा आहे. छिद्र बुजवणे हा त्याचा हेतूच नाही.

इतिहास

कटिवेधाची पद्धत जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली. त्याच कील शहरात शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये कोकेन वापरून कमरेतून भूल देण्यास प्रारंभ केला. काही रुग्णांना नंतर डोकेदुखी व उलट्या झाल्याने त्यांनी आपले सहायक आउगुस्ट हिल्डेब्रांट यांच्यासह स्वतःवरच प्रयोग केला. बीअर यांच्या पाठीत सुई घातल्यावर पिचकारी सुईला नीट बसेना आणि बराच द्रव वाहून गेला. पुढे हिल्डेब्रांट यांच्यावरील प्रयोग यशस्वी झाला आणि नडगीवर हातोडीचे घाव घालूनही त्यांना वेदना झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून बीअर यांना डोकेदुखीने ग्रासले. आडवे झाले की ती थांबे आणि उठले की परत येई. सुमारे नऊ दिवस ती टिकली. वाहून गेलेला द्रव हेच तिचे कारण असावे, असा तर्क त्यांनी तेव्हाच केला होता. या विकाराचे पहिले तपशीलवार वर्णन अशा रीतीने त्याचा अनुभव घेणाऱ्या वैद्यानेच केले.

१९५६ मध्ये अमेरिकेत व्हँडम आणि ड्रिप्स यांनी कमरेतून दिलेल्या १०,०९८ भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात डोकेदुखीचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले. स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दुप्पट होते. ज्यांना डोकेदुखी झाली त्यांपैकी सुमारे ७२ टक्के रुग्णांची वेदना सात दिवसांत थांबली. हा शेवटचा आकडा पुढील प्रत्येक उपचाराचे मूल्यमापन करताना डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

प्रतिबंधाच्या दिशेने सर्वांत मोठे यश सुईच्या टोकाने मिळवून दिले. क्विंके यांच्या नावाने ओळखली जाणारी सुई धारदार टोकाची असते. पेन्सिलीसारख्या बोथट टोकाच्या सुया (१९५१ मधील व्हिटाकर व १९८७ मधील स्प्रोटे) तंतू कापण्याऐवजी ते बाजूला सारतात. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात ११० चाचण्यांतील ३१,४१२ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. बोथट सुईनंतर डोकेदुखीचे प्रमाण ४.२ टक्के, तर पारंपरिक सुईनंतर ११ टक्के होते.

ब्लड पॅच : तुलनेचा मानदंड

तंत्रिकारोधाची तुलना ज्या उपचाराशी केली जाते तो म्हणजे एपिड्युरल ब्लड पॅच. रुग्णाच्याच दंडातून रक्त काढून ते कण्यात, दृढतानिकेच्या बाहेरील पोकळीत सोडले जाते. हे रक्त गोठून छिद्रावर जणू ठिगळ बसते आणि द्रवाचा दाबही वाढतो. अमेरिकन शल्यचिकित्सक जेम्स गॉर्मली यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. ज्या रुग्णांत सुई घालताना थोडा रक्तस्राव झाला होता त्यांना डोकेदुखी कमी होते, हे निरीक्षण त्यामागे होते. त्यांनी केवळ दोन-तीन मिलिलीटर रक्त वापरले. १९७० मध्ये डिजोव्हानी आणि डनबार यांनी १० मिलिलीटर रक्ताची पद्धत प्रचारात आणली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय चाचणीत १२१ बाळंतिणींना १५, २० किंवा ३० मिलिलीटर रक्त देऊन तुलना करण्यात आली. वेदना पूर्णपणे थांबण्याचे प्रमाण अनुक्रमे १०, ३२ आणि २६ टक्के होते. अंशतः आराम मिळालेल्या स्त्रिया धरल्यास हे आकडे पुष्कळ वाढतात. तरीही ब्लड पॅच हा हमखास उपाय आहे, या रूढ समजुतीला या चाचणीने मर्यादा घातली.

त्याची परिणामकारकता मात्र सिद्ध झालेली आहे. २००८ मध्ये नेदरलँड्समधील यादृच्छिक चाचणीत ब्लड पॅच दिलेल्या रुग्णांपैकी सात दिवसांनंतर १६ टक्क्यांनाच डोकेदुखी होती. केवळ विश्रांती, पाणी आणि वेदनाशामके घेणाऱ्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. उपचाराची दुसरी बाजू अशी की, त्यासाठी पाठीत पुन्हा जाड सुई घालावी लागते. क्वचित पुन्हा छिद्र पडणे, संसर्ग आणि पाठदुखी हे धोके असतात. रक्त गोठण्याची क्षमता बिघडलेल्या किंवा अंगात ताप असलेल्या रुग्णास तो देता येत नाही. ज्या सुईमुळे दुखणे ओढवले तीच पुन्हा घालून घेण्यास अनेक रुग्ण राजी नसतात, हेही समजण्यासारखे आहे. तंत्रिकारोधाचा शोध या अडचणींतूनच सुरू झाला.

स्फिनोपॅलेटाइन गुच्छिकारोध

ही गुच्छिका नाकाच्या मागे, मधल्या नासाशुक्तिकेच्या मागील टोकाजवळ, श्लेष्मल पटलाच्या पातळ थराखाली असते. कवटीबाहेरील परानुकंपी तंत्रिकापेशींचा तो सर्वांत मोठा समूह होय. मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्यांचे प्रसरण घडवून आणणारे संदेश तिच्यातून जातात. ती बधिर केल्यास प्रसरण आणि पर्यायाने वेदना थांबेल, असा तर्क मांडला गेला. अमेरिकेतील ग्रीनफील्ड स्लडर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चेहऱ्यातील वेदनेसाठी या गुच्छिकेवर उपचार सुरू केले होते. कटिवेधोत्तर डोकेदुखीसाठी त्यांचा वापर फार नंतरचा आहे.

कृती अगदी साधी असते. रुग्णास उताणे निजवून, मान थोडी मागे झुकवून, टोकाला कापूस गुंडाळलेली लांब काडी लिडोकेनसारख्या औषधात भिजवून दोन्ही नाकपुड्यांतून मागील भिंतीपर्यंत सरकवतात आणि काही मिनिटे तशीच ठेवतात. औषध श्लेष्मल पटलातून झिरपून गुच्छिकेपर्यंत पोहोचते. घशात कडू चव येणे, घसा बधिर होणे, डोळ्यांतून पाणी येणे आणि क्वचित नाकातून रक्त येणे एवढेच सामान्यतः दुष्परिणाम आढळतात. कवटीच्या तळाचे हाड मोडलेले असल्यास ही कृती वर्ज्य आहे.

सुरुवातीचे अहवाल उत्साहवर्धक होते. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील एका रुग्णालयाने सतरा वर्षांच्या नोंदींचा पूर्वलक्षी आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. गुच्छिकारोध मिळालेल्या ४२ आणि ब्लड पॅच मिळालेल्या ३९ बाळंतिणींची त्यात तुलना होती. अर्ध्या तासानंतर व एक तासानंतर आराम पडलेल्या स्त्रिया गुच्छिकारोधाच्या गटात अधिक होत्या. नंतरच्या काळात दोन्ही गटांत फरक उरला नाही आणि गुंतागुंत ब्लड पॅचच्या गटात जास्त होती. त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया' मध्ये केरळमधील निरीक्षणात्मक अभ्यास आला. वीस बाळंतिणींपैकी गुच्छिकारोध मिळालेल्या नऊ जणींमधील आठ जणींना पाच मिनिटांतच पुरेसा आराम मिळाला होता. उरलेल्यांना पॅरासिटामॉल देण्यात आले होते. हे आकडे लक्षवेधी आहेत, परंतु नऊ रुग्णांवरून सर्वसाधारण निष्कर्ष निघत नाही. शिवाय आपल्याला कोणता उपचार मिळाला हे रुग्णांना ठाऊक होते.

ही उणीव डेन्मार्कमधील यादृच्छिक, अंध चाचणीने भरून काढली. ती २०२० मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया' मध्ये प्रसिद्ध झाली. चाळीस रुग्णांपैकी निम्म्यांना लिडोकेन व रोपिव्हाकेन यांचे मिश्रण आणि निम्म्यांना केवळ सलाइन, अगदी त्याच काड्यांनी व त्याच पद्धतीने देण्यात आले. अर्ध्या तासानंतर उभ्या स्थितीतील वेदना शंभर मिलिमीटरच्या मोजपट्टीवर औषधाच्या गटात मध्यकाने २६ आणि सलाइनच्या गटात ३७ होती. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. अखेरीस ब्लड पॅचची गरज औषध मिळालेल्यांपैकी ५० टक्के आणि सलाइन मिळालेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांना लागली. वेदना दोन्ही गटांत उतरली होती, हे या चाचणीचे सर्वांत महत्त्वाचे फलित म्हटले पाहिजे. मिठाच्या पाण्यानेही उतार पडत असेल, तर पूर्वीच्या अहवालांतील तात्काळ आरामाचे श्रेय बधिरक औषधास देता येत नाही. नाकातील त्या भागाला काडीचा स्पर्श झाल्याने काही परिणाम होतो का, ही शक्यता काही अभ्यासकांनी मांडली आहे. ती खरी ठरल्यास सलाइनचा गट हा खरा प्लासिबो गट राहत नाही. परंतु ब्लड पॅचची गरज दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली, ही गोष्ट या युक्तिवादाने बदलत नाही.

पश्चकपाल तंत्रिकारोध

बृहत् पश्चकपाल तंत्रिका मानेच्या दुसऱ्या मेरुतंत्रिकेपासून निघून डोक्याच्या मागील त्वचेत पसरते. मानेच्या वरच्या मेरुतंत्रिकांचे संदेश आणि चेहरा व मेंदूच्या आवरणांकडून ट्रायजेमिनल तंत्रिकेतून येणारे संदेश मेरुरज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात एकत्र येतात. त्यामुळे मागील तंत्रिका बधिर केली असता कपाळाकडील वेदनाही कमी होऊ शकते. अर्धशिशी आणि क्लस्टर डोकेदुखी यांवर हा रोध आधीपासून वापरला जात होता.

यात डोक्यामागील उंचवटा आणि कानामागील हाड यांना जोडणाऱ्या रेषेच्या आतील तिसऱ्या भागात, पश्चकपाल धमनीच्या शेजारी बारीक सुईने दोन्ही बाजूंस औषध सोडतात. अलीकडे अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर तंत्रिका प्रत्यक्ष पाहून औषध देण्याची पद्धत वाढली आहे. बधिरकासोबत बहुधा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळतात. टोचलेल्या जागी दुखणे, तात्पुरती भोवळ आणि स्टेरॉइडमुळे क्वचित त्या जागेचे केस गळणे हे दुष्परिणाम नोंदले गेले आहेत.

२००९ मध्ये लेबनॉनमधील ५० रुग्णांच्या चाचणीत तंत्रिका-उत्तेजक यंत्राच्या मदतीने दोन्ही बाजूंच्या बृहत् व लघु पश्चकपाल तंत्रिकांचा रोध करण्यात आला आणि नेहमीच्या उपचारापेक्षा तो सरस ठरला. मात्र सर्वांना एकाच वेळच्या रोधाने आराम पडला नाही. काहींना तो पुन्हा द्यावा लागला. त्यानंतर आलेल्या लहान चाचण्या व रुग्णमालिका बहुतांशी अनुकूल आहेत. त्यांत एक धागा पुनःपुन्हा दिसतो. बारीक सुईने कमरेतून भूल दिल्यानंतरच्या सौम्य ते मध्यम डोकेदुखीत हा रोध उपयोगी पडतो. एपिड्युरलच्या जाड सुईने पडलेल्या छिद्रानंतर वेदना परतण्याची आणि शेवटी ब्लड पॅच घ्यावा लागण्याची शक्यता अधिक राहते. छिद्र मोठे असेल तर द्रव गळतच राहतो आणि औषधाचा अंमल संपला की वेदनेचे मूळ कारण जागेवर असते, असे त्याचे सरळ स्पष्टीकरण आहे.

संशोधनातील अडचणी

या विषयावरील निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत याचे मुख्य कारण खुद्द विकाराच्या स्वरूपात आहे. जी वेदना बहुसंख्य रुग्णांत आठवड्याभरात आपोआप थांबते तिच्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिलेला कोणताही उपचार यशस्वी भासतो. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या रुग्णमालिकांचे मूल्य मर्यादित ठरते. त्यातच हे अभ्यास बहुधा वीस ते पन्नास रुग्णांचे असतात आणि मोठ्या-लहान छिद्रांचे रुग्ण त्यांत एकत्र मोजले जातात.

वेदना कोणत्या क्षणी व कोणत्या स्थितीत मोजली, यावरही निष्कर्ष अवलंबून असतो. ही डोकेदुखी आडवे असताना जवळजवळ नसतेच. त्यामुळे निजलेल्या रुग्णाची नोंद निरर्थक ठरते. अर्ध्या तासानंतरचा आराम आणि दोन दिवसांनंतरचा आराम यांत तर मोठेच अंतर आहे. लिडोकेनचा अंमल काही तासांचा असतो. 'किती रुग्णांना पुढे ब्लड पॅच लागला' हे मोजमाप त्यामानाने अधिक विश्वासार्ह आहे. तथापि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही उपचार ठाऊक असल्यास तोही निर्णय पूर्वग्रहमुक्त राहत नाही.

मार्गदर्शक तत्त्वे व सद्यःस्थिती

अमेरिका व युरोपातील सहा वैद्यकीय संघटनांच्या कार्यगटाने २०२३ मध्ये या डोकेदुखीविषयी पुराव्यांवर आधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बारीक सुईने दिलेल्या भुलीनंतरच्या डोकेदुखीत बृहत् पश्चकपाल तंत्रिकारोध देऊ पाहता येईल, परंतु बऱ्याच रुग्णांत वेदना परत येऊ शकते व तीव्र वेदनेत ब्लड पॅच लागू शकतो, असे त्यांत नमूद आहे. स्फिनोपॅलेटाइन गुच्छिकारोधाचा सरसकट वापर करण्यास मात्र उपलब्ध पुरावा आधार देत नाही. दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणाऱ्या आणि इतर उपायांनी न थांबणाऱ्या वेदनेसाठी ब्लड पॅच हाच प्रमुख उपचार राहिला आहे. पहिल्या चोवीस तासांत कॅफिन देता येते. स्तनपान करणाऱ्या मातेसाठी त्याचे प्रमाण कमी ठेवावे लागते.

औषधांच्या बाजूनेही पर्याय शोधले जात आहेत. इजिप्तमध्ये २०१८ मध्ये ८५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निओस्टिग्मिन व ॲट्रोपिन एकत्र दिलेल्या गटात कोणालाही ब्लड पॅच लागला नाही. सलाइनच्या गटात तो सुमारे १६ टक्के रुग्णांना लागला.

महाराष्ट्रात सिझेरियन शस्त्रक्रियेसाठी कमरेतून भूल देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने उशी न घेता तासन् तास उताणे पडून राहावे, अशी सक्त सूचना अजूनही अनेक ठिकाणी दिली जाते. डोकेदुखी सुरू झाल्यावर आडवे पडण्याने आराम मिळतो, हे खरे. पण आधीपासून पडून राहिल्याने ती टळत नाही, असे कॉक्रेन संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यात आढळले असून उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वांतही प्रतिबंधासाठी सक्तीच्या विश्रांतीची शिफारस केलेली नाही.

सावधगिरी

तंत्रिकारोधाने वेदना शमली म्हणजे निदान बरोबर होते, असे मानता येत नाही. इतर प्रकारच्या डोकेदुखीतही त्याने उतार पडू शकतो. प्रसूतीनंतर डोके दुखण्यामागे गर्भकालीन रक्तदाबाचा विकार, मेंदूच्या नीलांमध्ये रक्ताची गुठळी होणे किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह ही गंभीर कारणेही असू शकतात. द्रव दीर्घकाळ गळत राहिल्यास दृढतानिकेखाली रक्तस्राव झाल्याची किंवा सहाव्या मस्तिष्क तंत्रिकेवर ताण येऊन वस्तू दुहेरी दिसू लागल्याची उदाहरणे आहेत. आडवे झाल्यावरही न थांबणारी डोकेदुखी, ताप, आकडी, दृष्टीतील बदल, हातापायांत दुर्बलता किंवा गुंगी यांपैकी काहीही आढळल्यास रोध देण्यापूर्वी मेंदूचे चित्रण व तज्ज्ञ तपासणी आवश्यक असते.